जिन्याखालच्या फळ्यावरची ओळ

शालू, बारा दिवस तुझ्या नावाखालची ओळ रिकामी होती आणि त्याला जबाबदार मी. आज सकाळी लिहिली. दुपारी त्यावरून भांडण झालं. आता संध्याकाळ आहे, चहाचा कप घेऊन बसलेय आणि तुला सगळं सांगतेय. समोरचं तुझं दार बंद आहे, आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं तर त्यांना पार पहिल्यापासून सांगावं लागेल.

तशी तुलाही मी पहिल्यापासूनच सांगणार आहे. तुला ते आवडायचं नाही. "वैजू, मुद्द्यावर ये," म्हणायचीस. आता म्हण बघू.

तर आपला फळा. आपल्या मुलुंडच्या सोसायटीत तीन इमारती, एक आंब्याचं झाड, मागे एक पंपरूम आणि जिन्याखाली पत्रपेट्यांच्या शेजारी तो काळा फळा. पाणी कधी येणार, मीटिंग कधी, लिफ्ट का बंद, सगळं त्याच्यावर. आणि कुणी गेलं की बाकीचं पुसून नाव, वय, घर नंबर आणि किती वाजता नेणार ते. त्याच्याखाली एक ओळ ठरलेली असायची, 'प्रेमळ, मनमिळाऊ व परोपकारी'. मरणारा कोणीही असो. जुन्या सेक्रेटरींना ती इतकी पाठ होती की एकदा पाण्याच्या सूचनेखालीसुद्धा 'प्रेमळ' लिहून मग पुसलं होतं.

मग पहिल्या मजल्यावरचे धुरीभाऊ गेले. हा माणूस पार्किंगवरून भांडलेला, कचऱ्याच्या डब्यावरून भांडलेला, सख्ख्या भावाशी अकरा वर्षं अबोला धरलेला. आणि फळ्यावर मनमिळाऊ! धुरीकाकी खाली आल्या, फळा वाचला, आणि सगळ्या जमलेल्या लोकांत म्हणाल्या, "ह्या कोणाचा लिवलास?" कुणाला हसताही येईना. तू तेव्हा नवी नवी सेक्रेटरी. पुढे झालीस, फडक्याने ती ओळ पुसलीस आणि लिहिलंस, 'भांडायचे, पण समोर. पाठीमागे कुणाबद्दल वाईट बोलले नाहीत.' काकींनी दोनदा वाचलं. "ह्या खरा," म्हणाल्या, आणि तिथेच पायरीवर बसून रडायला लागल्या. सकाळपासून त्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

तिथून आपली पद्धत सुरू झाली. एकच ओळ. माणूस कसा होता ते लिहायचं नाही, काय करायचा ते लिहायचं. आणि लिहिणारीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. तेरा दिवस ती ओळ राहायची, मग तू पुसायचीस आणि पुन्हा पाणी, लिफ्ट, मीटिंग. तीस वर्षं तू सरकारी वजनमापं खात्यात दुकानांतले काटे तपासत फिरलीस. माल किती चांगला आहे हे दुकानदाराने सांगायचं नसतं, असं म्हणायचीस. मेलेल्या माणसाच्या घरच्यांनाही तू तोच नियम लावलास, हे मला तेव्हा जरा जास्तच वाटलं होतं.

रविवारी सकाळी मी तुझ्या स्वयंपाकघरात यायचे, तू शेपू निवडत असायचीस, आणि आपलं जुंपायचं. तुझं एक ठरलेलं होतं. माणसाला चार गुण लागतात, पाचवा लागत नाही. समज, धीर, न्याय आणि आवर. समज म्हणजे काय करायचं ते कळणं. धीर म्हणजे कळलेलं करायला न घाबरणं. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं. आणि आवर म्हणजे स्वतःला, जिभेला, हाताला धरून ठेवणं. बाकी जे काय आहे ते ह्या चारांचीच पिल्लं, म्हणायचीस. नम्रपणा कुठून आला? आवर आणि समज मिळून. दान? न्यायाचं पिल्लू. घराला चार भिंती पुरतात.

"आणि छप्पर?" मी विचारायचे. "माया कुठे गेली तुझ्या घरात?"

"माया हा गुण नाही."

"अगो बाय! मग काय रोग आहे?"

"माया आपोआप होते गं. मांजरीलाही पिल्लांची होते. जे आपोआप होतं त्याचं काय कौतुक? गुण कमवावा लागतो."

"आपोआप होते? तुझ्यावर माया करायला मला रोज सकाळी उठून कमवावं लागतं, शालू."

तू इतकी हसलीस की शेपूची जुडी खाली पडली. पण हार मानली नाहीस. वीस वर्षं आपण हेच भांडलो. तू कधी मायेला पाचवी भिंत दिली नाहीस आणि मी कधी छप्पर सोडलं नाही.

मला मुळात ह्या मोठ्या शब्दांचाच राग. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून बसले. माणसं फोनवर किती गोड बोलतात आणि फोन ठेवल्यावर काय बोलतात, हे माझ्याएवढं कुणाला माहीत? न्याय, सचोटी असले शब्द मी सगळ्यात जास्त लबाड लोकांच्या तोंडून ऐकलेत. तुला म्हटलं, "हे शब्द फक्त शाळेच्या भिंतीवर रंगवायला बरे. त्यांचा उपयोग काय?"

तू मान वर न करता म्हणालीस, "परवा पाणी कमी आलं तेव्हा मी वरच्या मजल्यांना आधी सोडलं आणि आपल्याला शेवटी. तू दारात उभी राहून काय ओरडलीस?"

"हा कुठला न्याय, असं ओरडले."

"हां. तो शब्द नसता तर नुसतीच ओरडली असतीस. शब्द होता म्हणून मला थांबून तुला समजवावं लागलं, की वर पाणी चढायला जोर लागतो, म्हणून त्यांना आधी. आणि तुला गप्प बसावं लागलं. एवढा उपयोग बास झाला."

बरोबर होतं तुझं. तेव्हा कबूल केलं नव्हतं, आता करते.

चुकायचीसही तू. सोमणांच्या वेळी आठवतंय? तू लिहिलंस, 'जेवणात कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही.' आवर, म्हणून. त्यांची सून खाली येऊन हळूच म्हणाली, "काकू, अहो डायबिटिस होता. घरात कपाटामागे गुळाचा डबा सापडलाय." आणखी कोणी असतं तर ओळ पुसून टाकली असती. तू खडू घेतलास आणि वाक्याच्या सुरुवातीला एक शब्द वाढवलास, 'बाहेर'. मग दोन दिवस कुणाशी धड बोलली नाहीस. आपलं चुकलं की तुझं तोंड असं व्हायचं की जसं काही सोमणांनीच तुला फसवलं. चूक दाखवलेली तुला जराही खपायची नाही, शालू. हे मी तुझ्या चार भिंतींपैकी कुठेच बसवू शकलेली नाही.

फळ्याचा एक गमतीदार परिणामही झाला. लोक तुझ्यासमोर बरे वागायला लागले. ते पाटणकर, आता सेक्रेटरी आहेत ते, तू लांबून येताना दिसलीस की लिफ्टचं दार धरून उभे राहायचे. तू मुद्दाम हळू चालायचीस. मी म्हटलं, "बघ, फळ्यासाठी का होईना, माणूस सुधारला." तू म्हणालीस, "कुणी बघत असताना केलेलं मी धरत नाही."

"मग तुला दिसतं कसं? चोरून बघतेस?"

"चोरूनच बघावं लागतं गं."

"भोचक बाई," मी म्हटलं. तू ते कौतुक असल्यासारखं घेतलंस.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल बोलते. इतकी वर्षं आपण ह्या गोष्टीभोवती फिरून गेलो, नीट बोललो नाही.

आमचे हे म्हणजे रागाचं घर. हात कधी उगारला नाही, खोटं कशाला बोलू. पण तोंड सुटलं की भांडी हलायची. तुला समोरच्या दारातून सगळं ऐकू येत असणार. शेवटची काही वर्षं त्यांनी एक नवीन सुरू केलं होतं. राग आला की चप्पल घालायची, दार आपटायचं, "पाय मोकळे करून येतो" म्हणायचं आणि जायचं. मला वाटायचं, नाक्यावर जाऊन मित्रांसमोर माझ्या नावाने खडे फोडत असतील. वीस-पंचवीस मिनिटांनी परत यायचे आणि काही झालंच नाही असं विचारायचे, "चहा आहे?" मी मनात म्हणायचे, काय निर्लज्ज माणूस आहे. आणि चहा टाकायचे.

ते गेले तेव्हा मालवणहून दीर आले, नणंदा आल्या, सगळं खटलं जिन्यात उभं. आणि तुझ्या अक्षरात फळ्यावर, 'राग आला की खाली उतरायचे. राग गेला की वर यायचे.'

माझ्या डोक्यात काय गेलं मला आजही सांगता येत नाही. मला त्यात फक्त 'राग' हा शब्द दिसला. दोनदा. माझ्या माणसाचा दोष तू सगळ्या पाहुण्यांसमोर टांगलास असं वाटलं. धुरीकाकींच्या नवऱ्याचं चाललं, सोमणांचं चाललं, पण माझ्या नवऱ्याचं नाही चाललं. मी पुढे झाले आणि ती ओळ तळहाताने पुसली. हाताला पांढरं लागलं, तो हात तसाच पदराला पुसला. तू बाजूला उभी होतीस. ती ओळ परत लिहिली नाहीस. तेरा दिवस ह्यांच्या नावाखाली धुरकट पांढरा डाग होता. मग अडीच महिने मी तुझ्याशी बोलले नाही. समोरासमोर दारं, आणि दूध घेताना एकमेकींच्या पायांकडे बघायचो.

बोलणं सुरू झालं ते तुझ्या नळामुळे. तुझं पाणी माझ्या भिंतीत झिरपायला लागलं, तेव्हा भांडायला म्हणून मी दार वाजवलं. संध्याकाळची वेळ, हिवाळा, कांजूरच्या कचराडेपोचा वास सुटलेला. अशा वेळी आख्खी सोसायटी खिडक्या लावून बसते. तुझी स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी. ती नेहमीच उघडी असायची, त्यावरून मी तुला किती वेळा चिडवलं होतं, नाक भाड्याने दिलंयस का म्हणून. त्या दिवशीही तेच म्हणणार होते. तू म्हणालीस, "इथे ये. खाली बघ."

तुझी खिडकी मागच्या बाजूला उघडते, माझी रस्त्याकडे. त्यामुळे मी मागची बाजू वरून कधी पाहिलीच नव्हती. खाली पंपरूम. पंपरूमच्या भोवती गवत. आणि त्या गवतात एक गोल वाट पडलेली, पायांनी घासून घासून झालेली, तिथे एक काडी उगवलेली नव्हती.

"आमचे हे?" मी विचारलं.

"हो."

"किती वर्षं?"

"सहा तरी. सुरुवातीला दहा-बारा फेऱ्या लागायच्या. पुढे पुढे चार-पाचांत व्हायचं. हातवारे करायचे, पुटपुटायचे, मग हळूहळू पाऊल मंद व्हायचं. तेवढं झालं की मान झटकायचे आणि वर यायचे."

माझ्या चहासाठी. मी त्या खिडकीचा कठडा धरून उभी राहिले आणि इतकी रडले, शालू, की ते गेले त्या दिवशीही तेवढी रडले नव्हते. तू पाठीवर हात वगैरे ठेवला नाहीस, ते तुझ्यात नव्हतंच. नुसती शेजारी उभी राहिलीस. नंतर मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस? ते जिवंत असताना?" तर म्हणालीस, "चहा घेतेस?" आणि विषय संपवलास.

पुढे कमिटीने तिथे पेव्हर ब्लॉक घातले. वाट गेली. मी मात्र ओळ पुसल्याबद्दल तुला एकदाही सॉरी म्हटलं नाही. तूही कधी मागितलं नाहीस. सात वर्षं आपण पुन्हा शेपू निवडला, पुन्हा चार भिंती आणि छप्पर केलं, मालवणहून खाजं आलं की तू एक तुकडा खाऊन डबा बंद केलास आणि मी उरलेलं संपवलं. सुखाची वर्षं होती ती. हे मी दुःखात आहे म्हणून म्हणत नाही, तेव्हाही मला ते कळत होतं. समोर तू आहेस एवढं पुरायचं.

एकदा मी तुला विचारलं होतं, "माझ्यासाठी काय लिहिशील गं?" तू म्हणालीस, "आधी मर तर खरी." मग म्हणालीस, "आणि मी आधी गेले तर तू लिही. सभ्यपणे लिहू नकोस."

मग तुझं पोटाचं दुखणं निघालं. नर्सिंग होममध्ये तीन आठवडे. तुझी भाची केतकी गोरेगावहून एवढ्या ट्रॅफिकमधून रोज यायची, सकाळ ती बघायची, दुपार मी. एका दुपारी तू बरी दिसत होतीस, नर्सला तिच्या वजनकाट्याबद्दल काहीतरी सुनावून झालं होतं. मला वाटलं आता विचारते, नाहीतर राहून जाईल.

"शालू, मला का नाही सांगितलंस?"

कशाबद्दल ते तुला सांगावं लागलं नाही. डोळे मिटून होतीस. म्हणालीस, "सांगितलं असतं तर तू माझ्या खिडकीत येऊन उभी राहिली असतीस."

"राहिले असते. मग?"

"मग त्यांना कळलं असतं. मग ते तुझ्यासाठी चालले असते. आणि एक दिवस तू खिडकीत नसतीस, त्या दिवशी ते चालले नसते."

"आणि तू उभी राहत होतीस ते?"

"मी कुठे उभी होते? मी भाजी चिरत होते."

सहा वर्षं, कचऱ्याच्या वासात, खिडकी उघडी टाकून, भाजी चिरत होतीस. मी म्हटलं, "शालू, ही माया होती. कबूल कर." तू म्हणालीस, "न्याय. ज्याचं त्याला दिलं. तो एकांत त्यांचा होता." आणि झोपलीस. हे आपलं शेवटचं भांडण. चार दिवसांनी तू गेलीस. सॉरी तेव्हाही राहिलं माझं. आता म्हणते. सॉरी गं. ओळ बरोबर होती. माझ्या माणसाबद्दल आजवर कुणी इतकं चांगलं बोललेलं नाही, आणि मी ते हाताने पुसलं.

तू गेल्यावर पाटणकरांनी खडू माझ्या हातात दिला. "तुम्हीच लिहा वहिनी, त्यांच्या जवळच्या तुम्ही." नाव लिहिलं, वय लिहिलं, घर नंबर लिहिला. आणि हात थांबला. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर एव्हाना ऐंशी जणांनी जोडलेले हात पाठवले होते आणि एकाने चुकून वाढदिवसाचा केक. फळ्यावर मात्र तुझ्या नावाखालची जागा नुसती काळी.

पहिले दोन दिवस कुणी काही म्हटलं नाही. मग जो तो जाता-येता सुचवायला लागला. केतकी म्हणाली, "मावशी, आत्या शिस्तप्रिय होती असं लिहा." पाटणकर म्हणाले परोपकारी. म्हटलं, तिने ऐकलं तर उठून येईल. वॉचमन रामसुमेर म्हणाला, "मॅडमने कधी 'ए वॉचमन' नाय बोलला. नावाने बोलवायच्या. दुसऱ्या दिवसापासून." हे त्यातल्या त्यात बरं होतं, पण ते त्याने पाहिलेलं, मी नाही. धुरीकाकी, चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, काठी टेकत फळ्यापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घोवाचा खरा तिनाच लिवल्यान. आता तिचा खरा तू लिव." वर जिवंतपणी वाचायला मिळावं म्हणून दम दिला, "बेगीन लिव, माका वाचूक गावाक होया."

मी रोज संध्याकाळी तुझे चार गुण घेऊन बसायचे आणि तुझ्यावर लावून बघायचे. न्याय लिहावा तर पाण्याची गोष्ट आहे. आवर लिहावा तर खाज्याचा डबा आहे. धीर होता, समज होती. प्रत्येक गुणाला पुरावा सापडत होता आणि एकाही ओळीत तू दिसत नव्हतीस. आणि मायेचं लिहावं तर तू ते मानलं नसतंस, तुझ्या फळ्यावर तुझ्याविरुद्ध कशी लिहू? शिवाय तू सभ्यपणे लिहू नकोस म्हणाली होतीस, आणि मला जे सुचत होतं ते सगळं भयंकर सभ्य होतं. आज तेरावा. आज नाही लिहिलं तर संपलं, उद्या पुसायचंच.

आज सकाळी केतकीबरोबर तुझ्या घरी पूजेला बसायच्या आधी मी स्वयंपाकघरात गेले. कुणीतरी खिडकी लावून घेतली होती. कडी गंजलेली, बसतच नव्हती नीट, इतक्या वर्षांत तिला लागायची सवयच नाही. आणि मला आपलं ते चोरून बघण्यावरचं बोलणं आठवलं. खाली गेले आणि लिहिलं.

'दुसऱ्याचं चांगलं वागणं चोरून बघायची, आणि तो जिवंत असेपर्यंत कुणाला सांगायची नाही.'

एका ओळीत बसलं नाही, दोन झाल्या. त्याबद्दल माफ कर. पण शालू, पाहिलेलं आहे. मी स्वतः पाहिलंय, उशिरा का होईना. आणि विचार कर, एवढ्या सगळ्या माणसांची एकेक खरी ओळ तुझ्याकडे तयार असायची, ती कुठून यायची? वीस वर्षं तू आमच्याकडे बघत होतीस. भांडखोर, चोरटे, खादाड, रागीट, सगळ्यांकडे. न्याय म्हण, माया म्हण. मी ओळीत दोन्ही शब्द घातले नाहीत. तिथे बरोबरी.

जेवणं झाली, लोक खाली उतरले आणि पाटणकरांनी फळा वाचला. "वहिनी, 'चोरून' हा शब्द बरा दिसतो का? एवढी सरकारी नोकरी केलेली बाई." केतकीही जरा कावरीबावरी झाली. "मावशी, नुसतं 'सर्वांचं भलं बघायची' असं केलं तर?" पाटणकरांनी फडकं उचललंच होतं. मी मध्ये उभी राहिले. ते म्हणाले, "अहो वहिनी, सेक्रेटरी मी आहे, काहीतरी पद्धत असते."

पद्धत! मला पद्धत शिकवतो हा! माझ्या जिभेवर सगळं तयार होतं गं. म्हणणार होते, पाटणकर, तुमच्यासाठी काय लिहायचं ते आजच सांगून ठेवते, 'शालिनीबाई दिसल्या तरच लिफ्ट धरायचे.' एवढं एकच वाक्य. त्यांची सून उभी होती, व्याही उभे होते. आयुष्यभर लक्षात राहिलं असतं. तोंड उघडलंसुद्धा.

आणि मिटलं. पाटणकरांच्या हातातून फडकं घेतलं, धुरीकाकींच्या हातात दिलं. काकींनी ते मांडीखाली घातलं, फळ्यासमोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसल्या आणि म्हणाल्या, "आता पुसा बघया." मी चप्पल सरकवली आणि मागच्या बाजूला गेले.

पंपरूमभोवती मी आयुष्यात पहिल्यांदाच फिरले. पेव्हर ब्लॉक खालीवर झालेत, एक डुगडुगतो. पहिल्या फेरीत पाटणकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या फेरीत केतकीला थोडं सुनावलं. मग तुलाही, मध्येच गेलीस म्हणून. खाडीकडून वारा होता, कांजूरचा वास सुटला होता, वरच्या खिडक्या एकेक करून लागत होत्या. तिसऱ्या फेरीत माझी मान आपोआप वर गेली, तुझ्या खिडकीकडे. लागलेली होती. मनात आलं, आता हे कुणी बघितलं? माझी ओळ आता कोण लिहिणार? मी आज तोंड मिटलं, एवढं मोठं वाक्य गिळलं, आणि ते बघायला भाजी चिरत कुणी नाही.

वाईट वाटलं, लपवत नाही. मग म्हटलं, ह्यांनाही कुठे माहीत होतं, वर कुणी आहे म्हणून.

चौथी फेरी मी वर न बघता मारली. पाचवीही. पाय जड झाले, श्वास लागला, पाटणकरांचा चेहरा आठवला आणि बिचाऱ्याची कीवच आली.

राग गेला. मग वर आले.